दारूकोठारातला बिनतारी संच

मोरणगडाच्या दारूकोठारात
आता माझी खाट आहे, स्टोव्ह आहे,
बॅटऱ्यांची रांग आहे, आणि एक संच,
ज्यात तोंड घालून दर तासाला मी सांगतो:
कोल्हापूर कंट्रोल, गड बोलतोय. सर्व ठीक. ओव्हर.

भिंती तीन हात जाड.
बाहेर वीज कोसळली तरी आत चहाचं आधण हलत नाही.
ज्यानं हे बांधलं त्याला धाक एकाच ठिणगीचा:
म्हणून खिळे तांब्याचे,
म्हणून पायतान बाहेर, चिलीम बाहेर.
मी आत बसून विडी ओढतो,
आणि पहिल्या झुरक्याला दरवेळी
मागं वळून बघतो.

वाडीतनं दूध घेऊन धोंडी नाईकवडी येतो.
त्याचा खापरपणजा इथं दरवाज्यावर होता.
चव्वेचाळीसच्या बंडानंतर गोऱ्यानं सुरुंग लावला,
कमान बसली, आणि पणज्याला सांगितलं:
जा, आता शेती कर.
"शेती! आमाला येतंय काय,
तर दार लावाय आन् दार उघडाय."
धोंडी रोज दिवेलागणीला
त्या बिनदाराच्या चौकटीत
बाभळीची एक शिरी ओढतो,
म्हशी आत शिरू नयेत म्हणून.
हात झटकतो. "झालं. लावलं."

बाकीचा गड खाली उतरलाय.
तटाचे चिरे शाळेच्या पायऱ्यांत,
थोडे रस्त्याच्या मोरीत,
एक अर्ध्या अक्षरांचा, पाटलांच्या न्हाणीत,
रोज साबण लागून अक्षरं गुळगुळीत.
तोफेला धोंडीची शेळी बांधलेली असते.

त्या ऑगस्टात पाचव्या रात्री
खालचे दिवे गेले, आधी नदीकाठचे, मग सगळेच.
मोबाईलचे टॉवर एकेक करून मुके झाले.
राजाराम बंधारा: धोका त्रेचाळीस फुटांवर.
मी वहीत एक्कावन्न लिहिले. मग बावन्न.
आणि कोठारात माणसं बोलू लागली.

शिरोळचा कुरणे, घसा बसलेला.
चिखलीचा कुणीतरी, नाव न सांगताच, नुसता "हॅलो, हॅलो."
खाली त्यांना एकमेकांचं ऐकू जात नव्हतं.
गडाचं मात्र सगळ्यांना जात होतं.
म्हणून याचं वाक्य मी त्याला सांगायचो,
त्याचं याला, जसंच्या तसं, रडण्यासकट नव्हे.

अर्जुनवाडात गच्चीवर एकोणीस माणसं, दोन म्हशी. ओव्हर.
बोट फक्त माणसांना. ओव्हर.
मग माणसं येत न्हाईत म्हणत्यात. ओव्हर.

बराच वेळ खरखर.
मी ती खरखरही वहीत लिहिली:
दोन वाजून दहा ते दोन वाजून सव्वीस.

धोंडी भाकरी घेऊन आला तो गेलाच नाही.
कोपऱ्यात, जिथं पिंपं रचायचे तिथं,
गुडघ्यांत मान घालून ऐकत बसला.
पहाटे त्यानं विचारलं,
"कुटवर आलाय?"
मी वही बघितली. "चौपन्न फूट दोन इंच."
तो उठला, पावसात गेला,
आणि शिरी पुन्हा नीट ओढून आला.

म्हशींचं काय झालं ते वहीत नाही.
कुरणे पुढं एकदा लग्नात भेटला,
विचारायचं राहून गेलं.

आता पत्र आलंय. संच उतरवायचा.
नवी यंत्रणा आकाशातून बोलते, तिला डोंगर लागत नाही.
परवा एक जण टेप घेऊन आला, पांढरे बूट,
अंबरखान्याची लांबी घेतली,
इथं तंबू, तिथं शेकोटी,
कोठाराच्या दारात थांबून म्हणाला, वा, इथं बार काढता येईल.
मी विडी विझवली. का, कुणास ठाऊक.

धोंडी त्याच्या मागोमाग टेपचं टोक धरून फिरत होता.
शेवटी चौकटीपाशी आल्यावर
त्यानं टोक सोडलं
आणि नोकरीवर रुजू होणाऱ्या माणसासारखं विचारलं,
"दार किती वाजता लावायचं, सायेब?"